जेरी राइस: वेग बेताचा, तरी वीस वर्षं सगळ्यांच्या पुढे

फ्रीमाँटकर

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या मंडळींना फोर्टीनायनर्स (थोडक्यात नायनर्स) या इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमचं नाव नवीन नाही, सीझन सुरू झाला की शुक्रवारी अर्धं ऑफिस लाल जर्सी घालून येतं. पण ज्याच्यामुळे मी अमेरिकन फुटबॉल बघायला लागलो त्या जेरी राइसवर मराठीत कुठे काही सापडत नाही, म्हणून म्हटलं आपणच धागा काढू. खेळणं थांबवून त्याला वीस वर्षं झाली तरी रिसिव्हर, म्हणजे बॉल झेलणाऱ्या लोकांच्या रेकॉर्डची यादी उघडा, पहिलं नाव अजून त्याचंच.

आकडे आधीच सांगून टाकतो. १५४९ कॅच, २२,८९५ यार्ड (बॉल झेलून पुढे नेलेलं अंतर), कॅच घेऊन केलेले १९७ टचडाउन (बॉल समोरच्या टोकापर्यंत नेणं) आणि सगळे मिळून २०८. यार्डांत दुसऱ्या नंबरवर लॅरी फिट्झजेराल्ड आहे, १७,४९२ वर. तो काही लहानसहान खेळाडू नाही, १७ सीझन खेळलाय, तरी दोघांत ५४०० यार्डांचं अंतर आहे. वर्षाला हजार यार्ड काढणाऱ्याला एनएफएल या लीगमध्ये चांगला रिसिव्हर म्हणतात, म्हणजे फिट्झजेराल्डला एवढं सगळं करून झाल्यावर अजून पाच चांगली वर्षं खेळावं लागलं असतं.

आणि हा माणूस आला कुठून तर मिसिसिपी राज्यातल्या क्रॉफर्ड नावाच्या खेड्यातून. जन्म १९६२ चा. वडील गवंडीकाम करायचे, उन्हाळ्यात पोरांना कामावर न्यायचे, आणि भाऊ खालून विटा फेकायचे त्या हा परांचीवर उभा राहून झेलायचा. आपल्याकडे बांधकामावर माणसांची साखळी लावून विटा वर चढवतात ना, अगदी तसंच. वीट झेलताना हात कडक ठेवला तर बोटं सोलतात, हात विटेबरोबर थोडा मागे घ्यावा लागतो. बॉल झेलायचं तंत्रही हेच आहे.

शाळेतला किस्सा तर भारीच आहे. वर्ग बुडवून बाहेर फिरत होता, मागून मुख्याध्यापकांनी हाक मारली आणि हा असा काही पळाला की त्यांनी शिक्षा तर केलीच, शिवाय फुटबॉलच्या कोचला जाऊन सांगितलं की या पोराला बघा. तिथून सुरुवात.

मोठ्या युनिव्हर्सिट्यांनी त्याला विचारलं नाही. तो गेला मिसिसिपी व्हॅली स्टेटला, इट्टा बेना गावातलं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उभं राहिलेलं लहानसं विद्यापीठ. तिथले कोच आर्ची कूली यांनी मात्र कमाल केली, त्या काळात सगळे पळत बॉल पुढे न्यायचे आणि हे पाच-पाच रिसिव्हर उभे करून सारखा पासच टाकायचे. बॉल फेकणारा, म्हणजे क्वार्टरबॅक, होता विली टॉटन. १९८४ च्या सीझनमध्ये टीमची सरासरी सामन्यामागे ६० पॉइंटच्या वर होती, राइसचे २७ टचडाउन. आज तिथल्या स्टेडियमला राइस-टॉटन असं दोघांचं नाव आहे.

पुढचं हळूहळू लिहितो, तुम्हीही भर घाला.

सई_पुणे

छान सुरुवात. पण मला हा खेळ ओ की ठो कळत नाही, नवरा टेक्सासमध्ये शिकायला होता तेव्हापासून बघतो आणि मी बाजूला बसून विचारत राहते की आता का थांबले. रिसिव्हर म्हणजे नेमकं काय करतो? बॉल झेलणं एवढंच असेल तर त्यात एवढं मोठं काय?

फ्रीमाँटकर

सईताई, प्रश्न बरोबर आहे, थोडक्यात सांगतो. ज्या टीमकडे बॉल आहे तिला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, गेले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, असं करत करत समोरच्या टोकापर्यंत पोचलं की टचडाउन. दर प्रयत्नानंतर खेळ थांबतो, ते थांबणं तुम्हाला दिसतं. क्वार्टरबॅक हा बॉल फेकणारा, रिसिव्हर पुढे पळत जाऊन झेलणारा, आणि रिसिव्हरच्या समोर त्याला अडवायला कॉर्नरबॅक उभा असतो.

आता महत्त्वाचं. रिसिव्हर मनाला येईल तिकडे पळत नाही, त्याचा मार्ग आधी ठरलेला असतो, त्याला रूट म्हणतात. राइसचा आवडता होता स्लँट. सरळ पुढे जोरात निघायचं, तिसऱ्या पावलाला बाहेरचा पाय रोवायचा आणि तिरकं आत शिरायचं. बॉल तो वळायच्या आधीच सुटलेला असतो! क्वार्टरबॅक माणसाला नाही, जागेला बॉल टाकतो, आणि रिसिव्हरने त्या जागी त्याच क्षणी हजर असायचं. एक पाऊल कमी पडलं किंवा अर्धा सेकंद उशीर झाला की बॉल दुसऱ्याच्या हातात.

बहुतेक रिसिव्हर वळायच्या आधी किंचित मंदावतात, खांदे वर येतात, पावलं बारीक होतात, कॉर्नरबॅक तेवढ्यावरून ओळखतो की आता हा वळणार. राइसचं तसं काहीच दिसायचं नाही. स्लँट असो, लांबचा रूट असो नाहीतर मधेच थांबून मागे वळायचं असो, पहिली पावलं सगळी सारखी, कंबर खाली, डोकं स्थिर, त्याच गतीत सटकन वळायचा. समोरच्याला कळेपर्यंत हा दोन हात पुढे गेलेला, आणि बॉल पळत्या पायावर छातीशी आला की पुढचे चाळीस यार्ड फुकट.

सई_पुणे

आता कळलं! म्हणजे कॅच ही शेवटची गोष्ट आहे, खरं काम आधीच झालेलं असतं.

अण्णा_ह्यूस्टन

अगदी बरोबर सईताई.

एक भर घालतो कारण ती आमच्या गावची आहे. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये नायनर्सचे कोच बिल वॉल्श सामन्यासाठी ह्यूस्टनला आले होते. आदल्या रात्री हॉटेलच्या टीव्हीवर कॉलेज सामन्यांचे हायलाइट लागले होते, त्यात मिसिसिपी व्हॅलीचा हा पोरगा दिसला आणि वॉल्श हादरलेच. स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्या लोकांचं म्हणणं होतं की याचा वेग कमी आहे आणि लहान कॉलेजांविरुद्धचे आकडे काय धरायचे. वॉल्श ऐकले नाहीत. त्या वर्षी नायनर्स चॅम्पियन झाले म्हणून ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमा पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, त्यांचा नंबर शेवटचा, २८ वा. तरी न्यू इंग्लंड पेट्रियट्सशी सौदा करून १६ व्या नंबरवर आले आणि राइसला घेतलं. त्याच्या आधी त्या ड्राफ्टमध्ये दोन रिसिव्हर गेले होते, अल टून आणि एडी ब्राउन. दोघेही चांगले खेळले, पण आज ती यादी बघितली की त्या दोन टीमांसाठी वाईट वाटतं.

फ्रीमाँटकर

अण्णा, मस्त. आणि पहिलं वर्ष सोपं गेलं असं समजू नका कोणी. १९८५ मध्ये हातातले बॉल सुटायचे, कँडलस्टिक पार्कवर, म्हणजे नायनर्सच्या तेव्हाच्या घरच्या मैदानावर, आपल्याच प्रेक्षकांनी हुर्यो केली त्याची. डिसेंबरात रॅम्सविरुद्ध मंडे नाइटला (सोमवारी रात्रीच्या सामन्यात) २४१ यार्ड काढले तेव्हा कुठे लोक गप्प झाले.

त्याच्या पुढच्या सीझनला तर याहून वाईट झालं. प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) जायंट्सविरुद्ध सुरुवातीलाच बॉल झेलला, समोर कुणी नाही, सरळ टचडाउन होणार, आणि कुणाचा हात न लागता बॉल हातातून निसटला. सामना ४९-३ ने हरले. दुसरा एखादा खचला असता. याने काय केलं तर पुढच्या वर्षी, १९८७ ला, फक्त १२ सामन्यांत २२ टचडाउन! संपामुळे सीझन तोकडा झाला होता. त्या वर्षी दुसऱ्या नंबरच्या रिसिव्हरचे किती होते माहितीये? ११. बरोबर निम्मे.

मिनेसोटाकर

धागा आवडला, पण एक बाजू मांडतोच. १९८७ च्या त्या सीझनचा शेवट कुणी केला? आमच्या व्हायकिंग्जनी. कँडलस्टिकवर येऊन ३६-२४ ने हरवलं, आमच्या अँथनी कार्टरने २२७ यार्ड काढले आणि राइसला तीन कॅचवर रोखून धरलं.

आणि सर्वात भारी रिसिव्हर कोण म्हणाल तर मी रँडी मॉसचंच नाव घेणार. १९९८ ला पहिल्याच वर्षी १७ टचडाउन, पुढे २००७ ला २३ करून राइसचा २२ चा रेकॉर्ड मोडला. मॉस निघाला की दोन-दोन माणसं मागे लावली तरी तो वरून बॉल काढून आणायचा, तसली निसर्गदत्त देणगी राइसकडे नव्हती. शिवाय राइसला बॉल टाकायला कोण? आधी जो मोंटाना, मग स्टीव्ह यंग. दोघेही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत. मॉसच्या नशिबात मात्र क्वार्टरबॅक बदलत राहिले.

फ्रीमाँटकर

मिनेसोटाकर, मॉसची देणगी मोठी हे शंभर टक्के मान्य, उंची आणि वेग दोन्ही एकत्र असा माणूस मी दुसरा बघितला नाही. पण २३ टचडाउन त्याने १६ सामन्यांत केले आणि टाकणारा टॉम ब्रेडीसारखा दिग्गज क्वार्टरबॅक होता, हेही लिहा ना.

क्वार्टरबॅकच्या नशिबाचा मुद्दा मला पटत नाही. मोंटाना उजव्या हाताने टाकायचा, यंग डावरा, बॉलची फिरकी उलटी होते, रिसिव्हरला सगळं नव्याने बसवावं लागतं. यंगबरोबर १९९५ ला याने १२२ कॅच आणि १८४८ यार्ड काढले, तेव्हा वय ३३. पुढे ओकलंडला रेडर्सकडे गेला तेव्हा टाकणारा रिच गॅनन. २००२ च्या ऑक्टोबरात राइसला चाळीस पूर्ण झाली आणि त्याच सीझनला ९२ कॅच, १२११ यार्ड! या खेळात पायांवर जगणारी माणसं तिशीतच संपतात. मॉसने अखेरचा सामना खेळला तेव्हा तो पस्तिशीत होता आणि एकूण यार्ड १५,२९२. सर्वात गुणवान कोण म्हटलं तर मी तुमच्या बाजूला येईन, पण सर्वात मोठी कारकीर्द कुणाची यावर वाद होऊच शकत नाही.

रानवाटा

मी फुटबॉलवाली नाही, ट्रेकवाली आहे, पण या धाग्यावर लिहायलाच हवं. राइस जिथे सराव करायचा ती टेकडी आमच्या नेहमीच्या वाटेवर आहे, सॅन कार्लोसजवळचं एजवुड पार्क. टीममेट रॉजर क्रेगने त्याला तिथे पहिल्यांदा नेलं. अडीच मैलांची चढण आहे. चालत गेलं तर त्रास नाही, ओकच्या सावलीतून वळणं घेत वाट वर जाते आणि मग उघड्या माळावर येते, मार्च-एप्रिलमध्ये तिथे रानफुलांचा नुसता सडा असतो. पण पळत? मी एकदा सुरुवातीचा टप्पा पळून बघितला, पोटऱ्या भरून आल्या आणि वळणापलीकडे अजून चढच दिसत होता. हा माणूस सुट्टीच्या सीझनमध्ये, म्हणजे बाकीचे आराम करत असताना, ते रोजचं काम म्हणून करायचा. काही तरुण खेळाडू त्याच्याबरोबर यायचे आणि मधेच बसून उलट्या करायचे असं वाचलंय.

फ्रीमाँटकर

रानवाटाताई, हे हवंच होतं धाग्यात, धन्यवाद. आणि टेकडी सोडा, साध्या प्रॅक्टिसमध्ये पाच यार्डांचा पास झेलला तरी हा थेट टचडाउनच्या रेषेपर्यंत पळत जायचा. प्रत्येक वेळी. बाकीचे बॉल परत टाकून मागे फिरायचे. वॉल्श यांची अख्खी पद्धतच आखूड पास टाकून पुढे पळण्याची होती, तर ती सवय सामन्यात किती कामी आली असेल विचार करा.

अण्णा_ह्यूस्टन

कुणीतरी हे लिहिणार म्हणून मीच लिहितो. ग्लव्हजवर चिकट स्प्रे मारायचो हे राइसने स्वतः टीव्हीवर सांगितलंय, २०१५ ला त्यावरून मोठा गदारोळ झाला. चिकट द्रव्यावर लीगची बंदी १९८१ पासून, म्हणजे तो यायच्या चार वर्षं आधीची. त्याचं म्हणणं असं की त्या काळात सगळेच करायचे, पण त्याच काळातल्या क्रिस कार्टरसारख्या खेळाडूने ते साफ नाकारलं. मला राइस फार आवडतो तरी हे खटकतं ते खटकतंच.

मिनेसोटाकर

अण्णा +१. आणि क्रिस कार्टर आमचा, हे नोंदवून ठेवतो.

फ्रीमाँटकर

अण्णा, मलाही खटकतं, त्याची बाजू घेणार नाही. नियम होता आणि त्याने मोडला. फक्त एवढंच म्हणेन की त्याचे हजारो यार्ड आले ते बॉल चिकटल्यामुळे नाही, तर बॉल यायच्या वेळी तो मोकळा उभा असायचा म्हणून. आजचे ग्लव्हज तर कंपनीतूनच इतके चिकट येतात की एका हाताने झेललेले कॅच दर रविवारी दिसतात. पण तेव्हाचा नियम तो तेव्हाचा नियम.

सई_पुणे

एवढ्या वर्षांत दुखापत नाही झाली कधी?

फ्रीमाँटकर

सईताई, पहिली बारा वर्षं दुखापतीमुळे एकही नियमित सामना चुकला नाही. मग १९९७ ची पहिलीच मॅच, टँपा बेविरुद्ध, वॉरन सॅपने हेल्मेटची जाळी पकडून खाली खेचलं आणि डावा गुडघा गेला, दोन लिगामेंट तुटली. वय जवळपास ३५. सगळ्यांनी धरून चाललं की सीझन संपला, कदाचित करिअरही. हा डिसेंबरच्या मध्यालाच परत मैदानात! डेनव्हरविरुद्ध मंडे नाइट, त्याच रात्री मोंटानाची जर्सी रिटायर करायचा सोहळा होता. टचडाउन घेतला, पण खाली पडताना त्याच गुडघ्याची वाटी तडकली. मला अजूनही वाटतं ती घाई झाली, त्याला कुणीतरी थांबवायला हवं होतं. पण पुढच्या वर्षी परत ११५७ यार्ड काढले त्याने.

सुपर बोलचं, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचं, राहिलंच. तीन जिंकले. त्यातला जानेवारी १९८९ चा, सिनसिनाटी बेंगल्सविरुद्धचा, कुणी एकच सामना बघणार असाल तर तो बघा. राइसचे ११ कॅच, २१५ यार्ड, सामन्याचा मानकरी तोच. पण मला त्यातला आवडतो तो शेवटचा हल्ला. तीन पॉइंटने मागे, सव्वातीन मिनिटांच्या आत वेळ उरलेला, बॉल स्वतःच्या आठ यार्डांवर, समोर ९२ यार्ड. मोंटाना शांतपणे एकेक पास टाकत पुढे येतो. मधेच पेनल्टी लागून मागे ढकलले जातात, आता एका दमात वीस यार्ड हवेत. सगळ्या स्टेडियमला माहीत की बॉल राइसकडे जाणार, बेंगल्सनाही माहीत. तरी मधून रूट घेतो, गर्दीत झेलतो, तिघांच्या मधून निसटून २७ यार्ड! आणि मग शेवटच्या पासच्या वेळी राइस एका बाजूकडून दुसरीकडे सरकतो, सगळ्यांच्या नजरा त्याच्या मागे, आणि टचडाउन घेतो जॉन टेलर, ३४ सेकंद उरलेले असताना. २०-१६.

मिनेसोटाकर

तो सामना मी पण बघितलाय, त्याला तोड नाही. व्हायकिंग्जवाला असून सांगतो.

पण शेवट त्याचा चांगला झाला नाही ना? सिॲटलच्या जर्सीत बघून कसंतरीच वाटायचं.

फ्रीमाँटकर

हो. मला त्याबद्दल फार वाईट वाटतं. २००० च्या डिसेंबरात नायनर्सकडून कँडलस्टिकवरचा त्याचा शेवटचा सामना, शिकागो बेअर्सविरुद्ध, सगळे त्याला निरोप द्यायला आलेले. आणि त्याच दिवशी त्याच मैदानावर नायनर्सच्याच तरुण टेरेल ओवेन्सने २० कॅच घेऊन तेव्हाचा एका सामन्याचा विश्वविक्रम केला. लोक उभे राहून रडताहेत राइससाठी आणि बॉल जातोय ओवेन्सकडे. पगाराची मर्यादा असते टीमला, म्हाताऱ्या खेळाडूला ठेवणं परवडत नाही, हिशोब कळतो मला, पण सोळा वर्षं दिल्यावर असं जायचं?

रेडर्सकडे जाऊन तो चौथा सुपर बोल खेळला, टँपा बेकडून दणकून हरले पण त्यातही त्याने टचडाउन केला. मग २००४ ला बफेलोविरुद्ध त्याला एकही कॅच मिळाला नाही आणि सलग २७४ सामन्यांत किमान एक कॅच ही मालिका तुटली. ऑक्टोबरात सिॲटलला गेला. पुढच्या वर्षी डेनव्हरच्या सराव शिबिरात गेला, बेचाळीस पूर्ण झालेला माणूस विशी-पंचविशीच्या पोरांबरोबर जागेसाठी झगडतोय. मागच्या रांगेत बसावं लागणार हे दिसल्यावर थांबला.

२००६ ला नायनर्सनी एका दिवसाचा करार करून त्याला आपल्याच जर्सीत निवृत्त होऊ दिलं. कागदावर रक्कम लिहिली १९,८५,८०६.४९ डॉलर. १९८५ हे आला ते वर्ष, ८० त्याचा नंबर, ०६ गेला ते वर्ष, ४९ म्हणजे टीम. पैसे द्यायचे नव्हतेच, मानासाठी केलं. २०१० ला हॉल ऑफ फेममध्ये गेला, एमिट स्मिथ या दुसऱ्या दिग्गजाबरोबर.

अण्णा_ह्यूस्टन

आता खेळणाऱ्यांपैकी कोणी गाठेल त्याला असं वाटतं का? २०२१ पासून १७ सामन्यांचा सीझन झालाय, पासही कितीतरी जास्त टाकतात.

मिनेसोटाकर

आमचा जस्टिन जेफरसन! पहिल्या पाच वर्षांत सात हजारांच्या वर यार्ड आहेत त्याचे.

फ्रीमाँटकर

जेफरसन सुरेख खेळतो, रूटवरची मेहनत बघितली की राइसचीच आठवण येते. पण हिशोब करा, दर वर्षी न चुकता १२०० यार्ड धरले तरी १९ वर्षं खेळून तो २२,८०० वर येतो, अजून ९५ कमीच. आणि आजच्या रिसिव्हरला नियमांचं संरक्षण आहे. पाच यार्डांच्या पुढे हात लावायचा नाही हा नियम होता जुनाच, पण २००४ पासून पंच तो कडकपणे पाळायला लावतात. राइसच्या ऐन भरात कॉर्नरबॅक धरायचे, ढकलायचे, मधून पळताना कुणीतरी येऊन बरगड्या मोडेल अशी धडक द्यायचा आणि ते खेळाचाच भाग समजत. एका वर्षाचे रेकॉर्ड तुटतात, याचाही १८४८ चा तुटला, कॅल्विन जॉन्सनने २०१२ ला १९६४ केले. पण जॉन्सन नऊ वर्षांत थांबला, शरीर साथ देईना म्हणून. मला नाही वाटत कुणी गाठेल.

सई_पुणे

यूट्यूबवर बेंगल्सचा सामना सापडला. शनिवारी नवऱ्याबरोबर बसून बघणार आहे, या वेळी मीच त्याला स्लँट कुठला ते दाखवते. तो वीस यार्डवाला पास चौथ्या क्वार्टरमध्ये ना?

फ्रीमाँटकर

हो, अगदी शेवटी, सव्वा मिनिट उरलेलं असताना. पण चौथा क्वार्टर सुरुवातीपासून बघा सईताई. पहिल्याच मिनिटात राइसचा टचडाउन आहे, डाव्या कोपऱ्यात, बाहेर पडता पडता हात लांब करून बॉल कोपऱ्यातल्या छोट्या खुणेच्या खांबाच्या आत नेतो. तो स्लो मोशनमध्ये बघा आणि पाय कुठे आहेत ते बघा.